एदोच्या बाजारातील रंगीत कागद: जपानी लाकूडछाप चित्रांची पार्श्वभूमी
सुझुकी हारुनोबू याच्या १७६५ मधील एका छापचित्रात, अवचित आलेल्या सरीत वाळत घातलेले कपडे काढायला एक तरुणी धावत सुटली आहे. धांदलीत तिच्या एका पायातील लाकडी पादत्राण निसटले आहे आणि वाऱ्यावर उडणाऱ्या वस्त्राच्या नक्षीत त्या वर्षातील मोठ्या (तीस दिवसांच्या) महिन्यांचे आकडे दडवले आहेत. जपानी पंचांगातील मोठ्या आणि छोट्या (एकोणतीस दिवसांच्या) महिन्यांचा क्रम दरवर्षी बदलत असे आणि पंचांग छापण्याचा परवाना मोजक्यांकडेच असे, म्हणून हौशी रसिक अशी कोडी खासगीत छापवून एकमेकांना भेट देत. त्यांनी खर्चाकडे पाहिले नाही, आणि त्यातूनच अनेकरंगी ‘निशिकी-ए’, म्हणजे किनखापी चित्रे, बाजारात आली.

त्याआधी शतकभर हिशिकावा मोरोनोबूसारखे चित्रकार काळ्या शाईतली चित्रे छापत होतेच. गिऱ्हाईकही तयार होते: १६०३ पासून तोकुगावा घराण्यातील शोगुनांची (लष्करी सत्ताधीशांची) राजधानी असलेल्या एदोची (आजच्या तोक्योची) वस्ती अठराव्या शतकात दहा लाखांच्या घरात गेली होती, आणि तेथील व्यापारी-कारागिरांच्या हाती पैसा असला तरी समाजात त्यांना मान नव्हता. ‘उकियो’ हा शब्द पूर्वी बौद्ध अर्थाने दुःखमय संसारासाठी वापरला जाई. या लोकांनी त्याच उच्चाराला ‘तरंगते जग’ असा चैनीचा अर्थ दिला, आणि त्या जगाची ही चित्रे ‘उकियो-ए’ म्हणून ओळखली गेली.

चित्रकाराचे नाव गाजले, तरी काम चौघांचे असे. प्रकाशक पैसा घाली, चित्रकार रेखाटन करी, कोरणारा ते पातळ कागदावरील रेखाटन चेरीच्या फळीवर उलटे चिकटवून त्यावरूनच पटाशी चालवी (मूळ चित्र तिथेच संपे), आणि छापणारा प्रत्येक रंगाच्या फळीवर कागद खुणेशी नेमका जुळवून हातानेच घासून छाप उठवी.

विषय खपावर ठरत: योशिवारा या एदोच्या गणिकावस्तीतील गणिका, काबुकी नाटकांचे नट, सुमो मल्ल. चित्रकार शाराकूने १७९४-९५ मध्ये जेमतेम दहा महिन्यांत नटांचे बोचरे चेहरे रंगवले आणि तो दिसेनासा झाला. सत्तेचा डोळाही होताच; १७९० पासून चित्रांवर तपासनिसाचा शिक्का लागे आणि १८०४ मध्ये सोळाव्या शतकातील सत्ताधीश हिदेयोशीचे चित्र काढल्याबद्दल चित्रकार उतामारोला पन्नास दिवस हातबेड्या भोगाव्या लागल्या.

निसर्गचित्रांची लाट आली ती १८३० नंतर, देवयात्रांच्या निमित्ताने वाढलेल्या प्रवासाबरोबर आणि परदेशातून येणाऱ्या गडद प्रशियन निळ्या रंगाबरोबर. होकुसाईच्या ‘फुजीची छत्तीस दृश्ये’ या मालिकेत मागणीमुळे अखेर ४६ चित्रे झाली. हिरोशिगेने एदो ते क्योतो या तोकाइदो मार्गावरील ५३ मुक्काम ५५ चित्रांत मांडले. १८४२ मध्ये नट आणि गणिकांच्या चित्रांवरच बंदी आल्यावर या विषयांना आणखी जोर चढला.

बंदीला बाजार मात्र पुरता बधला नाही. १८५५ च्या भूकंपात एदो उद्ध्वस्त झाल्यावर काही दिवसांतच शिक्क्याविना छापलेली चित्रे विकली जाऊ लागली: भूमीखाली हालचाल करून धरणीकंप घडवणाऱ्या अजस्र माशाला कुणी बडवते आहे, तर घरबांधणीच्या कामाने हात ओले झालेले सुतार आणि गवंडी त्याचीच सरबराई करीत आहेत.