काडतुसांची टंचाई आणि नेमबाजाचा परवाना : साठा किती ठेवता येतो, कोटा कसा वाढवायचा

काडतुसांची आयात अडकल्याची बातमी आली की रेंजवर एकच विषय चालतो, घरी किती राउंड ठेवावेत? अमेरिकेतल्या छंदी नेमबाजाला तो निर्णय बऱ्याच अंशी स्वतःच्या खिशाकडे आणि कपाटाकडे बघून घेता येतो. आपल्याकडे त्याचं उत्तर परवान्यावर लिहिलेलं असतं. म्हणून टंचाईची तयारी दुकानात जाऊन सुरू होत नाही, शस्त्र शाखेत अर्ज देऊन सुरू होते. आणि तो अर्ज माल संपल्यावर देऊन काही उपयोग नसतो.

परवान्यातले दोन रकाने

परवान्यात दारूगोळ्यासाठी दोन वेगळे आकडे असतात. एक, एका वेळी जवळ बाळगता येणारी जास्तीत जास्त काडतुसं. दुसरा, वर्षभरात विकत घेता येणारी जास्तीत जास्त काडतुसं. बहुतेक जण दुसरा आकडा तोंडपाठ सांगतात आणि पहिला कधी वाचतच नाहीत. वर्षाला ५००० चा कोटा असला आणि पहिल्या रकान्यात १००० लिहिलेले असले, तर कपाटात १००० च्या वर एकही काडतूस असता कामा नये. मग ते मागच्या वर्षीचं शिल्लक असो की काल आणलेलं. परवानाधारक विक्रेता प्रत्येक खरेदी परवान्यावर नोंदवतो, त्यामुळे वर्षभरात किती घेतली हे कुणालाही दोन मिनिटांत मोजता येतं. किती उडवली याची नोंद मात्र तुमची तुम्हालाच ठेवावी लागते. तारीख, रेंज आणि राउंड एवढी तीन रकान्यांची वही पुरते. पुढे कोटा वाढवून मागताना हीच वही सगळ्यात जास्त कामाला येते.

२०२० चे आकडे

केंद्रीय गृहमंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये शस्त्र नियम, २०१६ मधल्या नियम ४० मध्ये बदल करून नेमबाजांना सरावासाठी वर्षभरात घेता येणाऱ्या काडतुसांची संख्या वाढवली. पॉइंट टू टू एलआर (.२२ बोअरचं 'लाँग रायफल' काडतूस) रायफल किंवा पिस्तुलासाठी १००० ची मर्यादा ५००० झाली. इतर पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी ६०० ची २००० झाली आणि शॉटगनसाठी ५०० ची ५००० झाली.

आकडे मोठे वाटतात, पण सरावाला बसलं की लगेच आटतात. ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची पात्रता फेरी ६० गोळ्यांची असते, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून प्रत्येकी २०. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये याच प्रकारात कांस्यपदक मिळवलं. सरावात साइटर (नेम जुळवण्यासाठीच्या, गुणांत न धरल्या जाणाऱ्या गोळ्या) धरून दिवसाला शंभर गोळ्या सहज जातात. त्या हिशेबाने ५००० काडतुसं म्हणजे पन्नास दिवसांचा सराव. ट्रॅपवाल्यांचं, म्हणजे हवेत उडणाऱ्या चकत्या शॉटगनने फोडणाऱ्यांचं, गणित आणखी कठीण. एका चकतीवर दोन बार टाकायची मुभा असते, त्यामुळे शंभर चकत्यांच्या दिवशी सव्वाशे ते दीडशे काडतुसं लागतात, आणि वर्षाचा कोटा तेहतीस ते चाळीस दिवसांत संपतो. शिवाय २५० च्या कार्टनने ५००० म्हणजे वीस कार्टन, वजन दीड क्विंटलच्या वर. एवढा माल फ्लॅटमध्ये ठेवायचा म्हटलं तरी ठेवणार कुठे?

त्याच बदलात शस्त्रांची संख्याही वाढली. एका प्रकारात नामांकित नेमबाज (हा दर्जा कसा मिळतो ते पुढे आहे) असलेल्याला सवलतीच्या वर्गात आठ, दोन प्रकारांत दहा आणि त्याहून जास्त प्रकारांत बारा शस्त्रं ठेवता येतात. ज्युनियर टार्गेट शूटर (२१ वर्षांखालचे) आणि ॲस्पायरिंग शूटर (नामांकित दर्जाच्या वाटेवरचे) यांना दोन. सर्वसामान्य नागरिक म्हणून मिळणारी दोन शस्त्रं याव्यतिरिक्त.

यातली सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट अशी की नियमातली मर्यादा वाढली म्हणून तुमच्या परवान्यावरचा आकडा आपोआप बदलत नाही. जुन्या परवान्यावर जुनाच आकडा असेल, तर विक्रेता त्याच्यापलीकडे एक पेटीही देणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

पात्र कोण

दहा मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तुलाने सुरुवात करणाऱ्याने हा सगळा व्याप डोक्यात घेऊ नये. पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली हवाई बंदूक परवान्याच्या अटीतून वगळलेली आहे. विक्रेता ओळखपत्राची प्रत मागतो, ती द्यावी. पेलेट्सना वार्षिक कोटा नाही.

पॉइंट टू टू रायफलकडे वळणाऱ्याच्या बाजूने शस्त्र अधिनियम, १९५९ मधलं कलम १३(३) आहे. केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा सदस्य निशाण सरावासाठी पॉइंट टू टू रायफल मागत असेल, तर नकाराची कारणं लागू होत नसल्यास परवाना दिला पाहिजे, असा त्याचा रोख आहे. स्वसंरक्षणासाठी पिस्तूल मागणाऱ्याला जिवाला धोका असल्याचं पटवून द्यावं लागतं. तुम्हाला क्लबचं सदस्यत्व आणि सराव दाखवायचा असतो. अर्जात 'संरक्षण आणि क्रीडा' असं दोन्ही लिहून ठेवणारे लोक स्वतःचंच प्रकरण गुंतागुंतीचं करतात. क्रीडा म्हणजे फक्त क्रीडाच लिहा.

वयाची अट २१ पूर्ण. त्याखालच्यांना प्रशिक्षणासाठी, ठरलेल्या अटींवर शस्त्र वापरता येतं. त्यांच्यासाठीच ज्युनियर टार्गेट शूटर हा वर्ग आहे.

नामांकित नेमबाज हा दर्जा गुणांवर मिळतो. राष्ट्रीय रायफल संघटनेने प्रकारनिहाय ठरवलेले किमान गुण राष्ट्रीय स्पर्धेत मिळवावे लागतात. ही संघटना १९५१ साली लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि मग राष्ट्रीय संघटना असा क्रम धरावा. मधली पायरी गाळून थेट दिल्लीला पत्र पाठवलं तर ते फिरून राज्याकडेच येतं.

नवा परवाना : अर्ज आणि कागदपत्रं

पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत, परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त असतात. बाकी जिल्ह्यांत जिल्हाधिकारी. गोव्यात उत्तर आणि दक्षिण गोव्याचे जिल्हा दंडाधिकारी. अर्ज ए-१ नमुन्यात करायचा. एनडाल-एलिस या राष्ट्रीय पोर्टलवर माहिती भरली जाते, आणि तिथूनच मिळणारा विशिष्ट ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, परवान्यावर येतो. जुन्या परवान्यावर यूआयएन नसेल तर कोट्याचा विचारही नंतर करा, आधी ते मिटवा.

सोबत जन्मतारखेचा पुरावा, आधार किंवा पासपोर्ट, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो, रहिवासाचा पुरावा, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला लागतो. क्रीडा अर्जाला याशिवाय क्लबचं सदस्यत्व प्रमाणपत्र, संघटनेचं शिफारसपत्र आणि स्पर्धांच्या गुणपत्रिका जोडाव्यात. नाव सगळीकडे सारखं असू द्या. आधारवर वडिलांचं नाव आणि गुणपत्रिकेवर फक्त आडनाव, एवढ्यावरून फाइल परत आलेली पुष्कळांनी पाहिली आहे.

पुढे पोलीस पडताळणी. ठाण्यातून माणूस घरी येतो, शस्त्र कुठे ठेवणार ते विचारतो. भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने बसवलेलं लोखंडी कपाट आधीच दाखवता आलं, तर अर्धं काम तिथेच होतं.

कोटा वाढवून घेण्याचा अर्ज

परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्याच नावाने साधा अर्ज लिहायचा. परवान्याच्या सर्व पानांची प्रत (खरेदीच्या नोंदींची पानंसुद्धा), चालू वर्षाचं संघटनेचं प्रमाणपत्र, मागच्या दोन हंगामांच्या गुणपत्रिका, येत्या स्पर्धांचं वेळापत्रक, प्रशिक्षकाचं मासिक वापराचं पत्र आणि वर सांगितलेल्या वहीची प्रत जोडा. २०२० च्या अधिसूचनेची प्रतही जोडा. शस्त्र शाखेसमोर येणारे बहुतेक अर्ज संरक्षणाचे असतात, नेमबाजांचे कमी, त्यामुळे हा नियम टेबलावरच्या कर्मचाऱ्याला माहीत असेलच असं धरून चालू नका.

अर्जात दोन्ही रकान्यांची स्वतंत्र मागणी करा. 'कोटा वाढवून मिळावा' एवढंच लिहिलं तर वार्षिक आकडा वाढतो आणि जवळ बाळगायचा आकडा जुनाच राहतो. टंचाईत नेमका तोच आडवा येतो. वर्षाला ५००० मिळत असतील तर एका वेळी किती मागावेत? माझ्या मते तीन-चार महिन्यांच्या सरावाला पुरतील एवढे. आयातीची खेप लांबली तरी तेवढ्यात निभावून जातं, आणि प्राधिकाऱ्यालाही ही मागणी साठेबाजीची वाटत नाही. घरात सगळाच्या सगळा वार्षिक कोटा ठेवायची परवानगी मागणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

टंचाईच्या काळात

स्पर्धेच्या दर्जाची पॉइंट टू टू काडतुसं आपल्याकडे मुख्यतः इंग्लंड आणि जर्मनीतून येतात. कोविडच्या काळात अमेरिकेत मागणी उसळली, त्यानंतर युक्रेन युद्धाने बारूद आणि प्रायमर (काडतुसातली बारूद पेटवणारी टोपी) लष्करी कामाकडे वळले, आणि त्याचा चटका पुण्याच्या बालेवाडी रेंजपर्यंत बसला. बारा बोअरला, म्हणजे शॉटगनच्या काडतुसांना, मात्र घरचा आधार आहे. १८६९ पासून चालू असलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ही काडतुसं बनतात. २०२१ पासून हा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. सरावाला देशी आणि स्पर्धेला आयात, अशी विभागणी अनेक शॉटगनवाले करतात, आणि ती व्यवहाराला धरून आहे.

खरा साठा क्लबच्या नावावर असलेला बरा. क्लबचा परवाना वेगळा, कोठार वेगळं, आणि सदस्य तिथे उडवतो ती काडतुसं त्याच्या घरच्या आकड्यात धरली जात नाहीत. रायफलवाल्यांनी आपल्या बॅरलला मानवणारा लॉट नंबर (काडतुसांच्या उत्पादन-तुकडीचा क्रमांक) नोंदवून ठेवावा आणि खेप येण्याआधी क्लबकडे मागणी लिहून द्यावी.

टंचाईत हमखास होणारी एक गोष्ट म्हणजे मित्राला दोन पेट्या उसन्या देणं. हे करू नका. परवान्याची काडतुसं एका परवानाधारकाने दुसऱ्याला द्यायची तरी कलम ५ प्रमाणे आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि ४५ दिवस थांबावं लागतं. घेणाऱ्याच्या परवान्यात ते बोअर आणि तेवढी जागा हवी, हे वेगळंच. परवान्याच्या अटींचा भंग हा कलम ३० खाली गुन्हा आहे, आणि कलम १७ प्रमाणे परवाना निलंबित किंवा रद्दही होऊ शकतो.

घरचा साठा बंदुकीपासून वेगळा, कुलपात आणि मूळ पेटीत ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात. आधी जुना माल संपवा, मग नवा फोडा.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्रं जमा करायचे आदेश निघतात. राष्ट्रीय रायफल संघटनेचे सदस्य असलेल्या आणि स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार त्यातून सूट आहे. तरी ठाण्यातून फोन येतोच. सदस्यत्वाचं पत्र आणि स्पर्धेचं वेळापत्रक घेऊन स्वतः जाऊन भेटावं.

परवाना आता पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी द्यावा आणि कोटावाढीची मागणी त्याच वेळी जोडावी, म्हणजे पडताळणी एकदाच होते. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. कलम १४ प्रमाणे प्राधिकाऱ्याला कारण नोंदवावं लागतं, आणि मागितल्यावर, सार्वजनिक हिताला बाधा नसेल तर, तुम्हाला द्यावंही लागतं. ते हातात आलं की कलम १८ खाली मुदतीच्या आत अपील करता येतं.