जबडा निखळलाय की अडकलाय?

जांभई दिली आणि तोंड मिटेना. किंवा सकाळी उठल्यावर चपातीचा घास घ्यायला तोंडच उघडेना. घरात दोन्ही वेळा ओरड एकच: ‘जबडा अडकला!’ सांधाही तोच, कानासमोर बोट ठेवून तोंड उघडलं की हलणारा. बिघाड मात्र जवळजवळ उलटा.

हा सांधा दाराच्या बिजागरीसारखा नुसता फिरत नाही. पहिले दोन-अडीच सेंटिमीटर तोंड उघडताना खालच्या जबड्याचा गोल माथा बराचसा जागच्या जागी फिरतो. त्यापुढे तो कवटीच्या खोबणीतून निघून समोरच्या हाडाच्या उंचवट्याकडे घसरतो. मधली चिवट चकतीही त्याच्याबरोबर सरकते. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 ते 50 मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं मावतील एवढं.

जबडा निखळतो तेव्हा माथा उंचवट्यापलीकडे जाऊन तिथेच राहतो. मोठी जांभई, उलटी, दाढेचं लांबलेलं काम, एवढंही पुरतं. मग जबडा मिटवणारे स्नायू आवळतात, माथ्याला वर खेचतात आणि तो उंचवट्यापुढे रुतून बसतो. त्यामुळे हनुवटी खालून वर रेटणारा हौशी मदतनीस त्रासच वाढवतो. डॉक्टर खालच्या दाढांशी अंगठे ठेवून जबडा आधी खाली दाबतात, मगच मागे सरकवतात. अंगठ्यांना कापड गुंडाळलेलं बरं, कारण जबडा बसला की दात कचकन मिटतात. सुश्रुतसंहितेत तर जबडा जागेवर आणून, शेक देऊन ‘पंचांगी’ (पाच टोकांची) पट्टी बांधायला सांगितलं आहे.

अडकलेल्या जबड्यात हाडं ठिकाणावर असतात, चकती पुढे सटकलेली असते. त्याआधी बरेचदा तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येत असतो. माथा चकतीवर परत चढण्याचा तो आवाज. (नुसता आवाज, दुखणं नाही, तर घाबरू नका, पुष्कळांना तो असतो.) एक दिवस आवाज थांबतो, पण तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. माथा फिरतो, पुढे घसरायला मात्र चकती आडवी येते. साध्या एक्स-रेत चकती दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. इथे जोर लावून तोंड फाकवू नये. मऊ खाणं आणि शिकवून घेतलेले व्यायाम यांनी बहुतेकांना हळूहळू आराम पडतो.

एकाच बाजूचा बिघाड असेल तर हनुवटी पाहा. निखळलेल्या जबड्यात ती चांगल्या बाजूकडे ढकललेली दिसते. अडकलेल्या जबड्यात तोंड उघडताना दुखऱ्या बाजूकडे वळते.

आणि तोंड महिनोन्‌महिने हळूहळू आखडत गेलं, तिखटाने आग होऊ लागली, सोबत गुटखा-सुपारीची सवय असली, तर दोष बहुधा सांध्यात नसतो. गालाचं आतलं अस्तर घट्ट होत असतं. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 साली आली, तरी हे रुग्ण संपलेले नाहीत. या आजारातून पुढे कर्करोग होऊ शकतो, त्यामुळे तपासणी लांबवू नये.