हार्मोनने उंदराचं लिव्हर वाचवलं म्हणे, पण दिलं कधी?

"मेलाटोनिनने (झोपेच्या हार्मोनने) खराब झालेलं लिव्हर बरं होतं, उंदरांवर सिद्ध" असलं काहीतरी दर थोड्या दिवसांनी फिरत येतं, आणि मूळ पेपरातली मेथड बघावी तर बहुतेक वेळा मेलाटोनिन आधी टोचलेलं असतं आणि विष नंतर दिलेलं असतं. मग बरं काय झालं? बिघडलंच कुठे होतं!

विष आधी, औषध नंतर, याला उपचार म्हणतात, ते सगळ्यांना कळतं, त्यावर वेळ घालवत नाही. रॅट (मोठा उंदीर) की माऊस (छोटा उंदीर), एसजीपीटी की एसजीओटी (लिव्हर बिघडलं की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) यावरही भांडू नका, फक्त विष म्हणून पॅरासिटामॉलचा मोठा डोस दिला असेल तर माऊस बघा कारण रॅटला त्याचं फारसं काही होत नाही.

खरी गोची आहे ती आधी दिलेल्या डोसमध्ये. पॅरासिटामॉल स्वतः लिव्हर मारत नाही, लिव्हरमधलं सीवायपी२ई१ आणि त्याचे एकदोन भाऊबंद एन्झाइम त्याचं एनएपीक्यूआय नावाचं विषारी रूप करतात, ते ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीचं स्वतःचं संरक्षक द्रव्य, खाऊन टाकतं आणि ग्लुटाथायोन संपलं की प्रोटीन्सना जाऊन चिकटतं. कार्बन टेट्राक्लोराइड या लॅबमधल्या दुसऱ्या नेहमीच्या विषाचंही तसंच, तेच एन्झाइम त्याचं फ्री रॅडिकल बनवतं. म्हणून मायक्रोस्कोपखालच्या स्लाइडवर सेंट्रल व्हेनभोवतीच्या पेशी आधी मेलेल्या दिसतात, एन्झाइम तिथेच जास्त असतं ना.

आता हार्मोन आधी दिलं आणि २४ तासांनी एसजीपीटी कमी आला, तर दोन शक्यता आहेत. एक, पेशी खरंच मजबूत झाली, मार बसला पण तिने सोसला. दोन, एन्झाइमच अडकलं, विष तयारच झालं नाही, म्हणजे चोर आलाच नाही आणि आपण कुलपाचं कौतुक करतोय. दोन्हीकडे स्लाइड तितकीच सुंदर गुलाबी दिसते! आणि हे अडवणारं हार्मोनच असेल असंही नाही. मेलाटोनिन पाण्यात धड विरघळत नाही म्हणून ते अल्कोहोलमध्ये किंवा डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवतात, आणि ही दोन्ही द्रावणं स्वतःच सीवायपी२ई१ला अडवतात. नुसतं डीएमएसओ दिलं तरी माऊसचं लिव्हर पॅरासिटामॉलपासून वाचतं. कंट्रोल गटाला (ज्याला हार्मोन दिलेलं नाही त्याला) तेच द्रावण तेवढंच दिलंय का, हे मी सगळ्यात आधी बघतो.

फरक ओळखायचा कसा, तर सुरुवातीच्या तासांत बघायचं. उपाशी माऊसला ३०० मिग्रॅ प्रति किलो पॅरासिटामॉल दिलं की अर्ध्या तासात ग्लुटाथायोन जवळजवळ तळाला जातं. हार्मोनवाल्या गटातही तितकंच घसरलं, म्हणजे विष बनलं, आणि तरी पेशी जगल्या, तर मानलं. घसरलंच नाही तर पुढचे रंगीत ग्राफ बघूच नका. नंतर देऊन तपासायचं असेल तर दीड-दोन तास जाऊ द्यावेत, तोवर विष बनण्याचं काम बरंचसं उरकलेलं असतं.

आधी देणं फालतू आहे असं मात्र नाही हां. थायरॉइडचं टी३ हे हार्मोन रॅटला ४८ तास आधी देऊन मग लिव्हरचा रक्तपुरवठा तासभर बंद करून परत सोडला तर नुकसान कमी होतं, इथे विष बनण्याचा प्रश्नच नाही, टी३ थोडा ऑक्सिडेटिव्ह ताण देऊन पेशीची स्वतःची यंत्रणा जागी करतं. ऑपरेशनची तारीख आधी ठरलेली असते, तिथे अशी तयारी कामाची. विषबाधा कोण तारीख ठरवून करून घेतं?

आणि "इस्ट्रोजेन लिव्हरला चांगलं" असं सरसकट लिहिणाऱ्यांनी एवढं बघावं, रॅटमध्ये पित्त अडवायचं असेल तर लॅबवाले इथिनाइल इस्ट्रॅडिऑल हे कृत्रिम इस्ट्रोजेनच टोचतात.

पॅरासिटामॉल आधी आणि हार्मोन नंतर देऊनही ज्यात एन-अॅसिटाइलसिस्टीनचा (पॅरासिटामॉल विषबाधेवरच्या नेहमीच्या उताऱ्याचा) गट शेजारी ठेवलेला नाही, तो पेपर मी तरी पुढे वाचत नाही.