पांढरी काठी: आधी दिसण्यासाठी, मग चालण्यासाठी

लायन्स क्लबांचे नाव अंधांसाठीच्या कामाशी जोडले गेले ते संघटना उभी राहिल्यावर आठ वर्षांनी. शिकागोतले विमा व्यावसायिक मेल्विन जोन्स यांनी १९१७ मध्ये निरनिराळे व्यापारी क्लब एकत्र आणले. सभासदांनी एकमेकांच्या धंद्यापलीकडे आपल्या गावाकडेही पाहावे, हा त्यांचा हेतू होता. ३० जून १९२५ रोजी ओहायोतील सीडर पॉइंटच्या अधिवेशनात अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी या मंडळींना अंधांचे शिलेदार होण्याचे आवाहन केले. तिथून कामाला दिशा मिळाली.

पाच वर्षांनी, १९३० मध्ये, इलिनॉयमधील पिओरिया क्लबचे अध्यक्ष जॉर्ज बोनहॅम यांना एक अंध माणूस रस्ता ओलांडताना अडखळलेला दिसला. त्याच्या हातात काठी होती, पण काळी. गडद रस्त्यावर ती गाडीवाल्यांच्या नजरेतच येत नव्हती. क्लबने काठ्या पांढऱ्या रंगवल्या, त्यांवर रुंद तांबडा पट्टा दिला आणि वाटल्या. त्याच डिसेंबरमध्ये पिओरिया शहराने पांढऱ्या काठीवाल्या पादचाऱ्याला रस्त्यावर प्राधान्य देणारा नियम केला. आमच्या मते खरी कर्तबगारी या जोडणीत आहे. गाडीवाल्याने थांबायचे आहे हे ठरले नसते, तर ती नुसती रंगवलेली काठी राहिली असती. १९३१ पासून लायन्सने हा कार्यक्रम देशभर नेला आणि १९५६ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत असे कायदे झाले. (शोधाचे सगळे श्रेय मात्र पिओरियाचे नाही. अपघातात दृष्टी गेलेले ब्रिस्टलचे छायाचित्रकार जेम्स बिग्ज यांनी १९२१ मध्येच आपली काठी पांढरी केली होती, आणि पॅरिसमध्ये गिली देर्बमाँ यांनी १९३१ मध्ये अशा काठ्या वाटल्या.)

ही काठी पाहणाऱ्यासाठी होती. धरणाऱ्याला तिचा उपयोग कमीच. लांबी टेकायच्या काठीएवढी, त्यामुळे टोक पावलाच्या जेमतेम पुढे पडे. खड्डा किंवा उतरती पायरी कळेपर्यंत पाय तिथे पोचलेला असे. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेले तरुण सैनिक पेनसिल्व्हेनियातील व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात आले, तेव्हा ही उणीव लपली नाही. तिथे १९४४ मध्ये रिचर्ड हूव्हर यांनी लांब, हलकी काठी आणि ती चालवण्याची पद्धत बसवली. आजही शिकवतात ती मुळात हीच.

सरळ उभे राहिल्यावर काठी छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत यावी. झपाझप चालणारे त्याहून लांब घेतात. मूठ बेंबीसमोर, शरीराच्या मध्यावर. हात स्थिर ठेवून फक्त मनगट हलवायचे. टोक जमिनीलगत फिरवून खांद्यांपेक्षा थोड्या जास्त रुंदीत दोन्ही बाजूंना टेकवायचे. डावे पाऊल पुढे पडताना टोक उजवीकडे टेकते, म्हणजे पुढचे पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासली जाते. हा ताल चुकला की काठी आणि पाऊल एकाच बाजूला पडतात आणि दुसरी बाजू न तपासलेली राहते. मूठ मध्यावरून सरकली तर टोक ज्या कमानीत फिरते ती एकीकडे झुकते आणि माणूस सरळ रेषा सोडतो. काठी फार उभी धरली की टोक पुन्हा पावलाजवळच पडते, म्हणजे जुन्या आखूड काठीचीच अडचण. नीट चालवूनही कमरेवरचे अडथळे तिला सापडत नाहीत: ट्रकची उघडी फळी, झुकलेली फांदी.

तांबड्या रंगाचा अर्थही पुढे देशागणिक वेगळा झाला. अमेरिकेत काठीचा खालचा भाग तांबडा असणे नेहमीचे आहे. ब्रिटनमध्ये तांबडे-पांढरे पट्टे म्हणजे धरणाऱ्याला ऐकूही येत नाही.

१९६४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १५ ऑक्टोबर हा पांढरी काठी दिन म्हणून जाहीर केला. त्या निमित्ताने काठ्या वाटणाऱ्या कोणत्याही क्लबाने आधी प्रत्येकाचे माप घ्यावे. एकाच लांबीचा गठ्ठा आणला की उंच माणसाला ती आखूड पडते आणि तो वाकून चालतो. घडीच्या काठीत आतली लवचीक दोरी सैल झाली की सांधे हलतात आणि जमिनीची कंपने मुठीपर्यंत पोचत नाहीत. टोक तर घासून झिजतेच. म्हणून काठीबरोबर जादा टोके द्यावीत आणि चालायला शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचे तास आधीच ठरवून ठेवावेत.