आजार असलेल्या मुलांचं पोहणं

दमा, अपस्मार म्हणजे फिट येणं, टाइप १ डायबेटिस, इसब असे नेहमी आढळणारे आजार असलेल्या मुलांनी काय काळजी घेऊन पाण्यात उतरावं, त्याबद्दलची ही नोंद. पूर्वी अशा मुलांना सरसकट काठावर बसवून ठेवायचे, आता बहुतेक डॉक्टर पोहू द्या म्हणतात, फक्त आधी विचारून आणि तयारीनिशी.

सगळ्यात जास्त वाद दम्यावर झालाय. पाण्यालगतची हवा दमट असते त्यामुळे धावण्यापेक्षा पोहताना श्वासनलिका कमी आवळतात, म्हणून दमेकरी मुलांना पोहायला सांगायची पद्धत जुनीच. पण २००३ मध्ये बेल्जियमच्या अल्फ्रेड बर्नार्ड आणि सहकाऱ्यांनी बंदिस्त पूलमध्ये जाणं आणि मुलांमधला दमा यांचा संबंध दिसतो असं मांडलं. संशय मुख्यतः ट्रायक्लोरामाइनवर, क्लोरीन घाम-लघवीत मिसळलं की हा वायू बनतो, पूलमध्ये शिरताच नाकात बसणारा आणि लोकांना स्वच्छतेचा वाटणारा तो उग्र वास बराचसा क्लोरामाइन्सचाच. पुढे २०११ मध्ये ब्रिस्टल भागातल्या मुलांचा १० वर्षांपर्यंत पाठपुरावा करून केलेल्या अभ्यासात मात्र पोहण्याने दमा वाढल्याचं दिसलं नाही, आणि २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन म्हणजे आधीचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था; इथे ८ अभ्यास, २६२ जण) दमेकरी मुलांना पोहण्याचा सराव झेपला, फुफ्फुसांची क्षमताही थोडी सुधारली. या आढाव्यातले अभ्यास लहान आहेत, तरी पारडं तूर्तास पोहण्याकडेच झुकतं. रोज तासन्‌तास सराव करणाऱ्या स्पर्धकांची गोष्ट वेगळी. वास फारच झोंबत असेल त्या दिवशी उतरू नये, उतरण्याआधी सगळ्यांनीच अंघोळ करावी, आणि दम्याचा पंप (इनहेलर) लॉकरमध्ये नको, काठावर हाताशी हवा.

फिट येणाऱ्या मुलाबाबत मात्र जराही ढिलाई नको. पाण्यात फिट आली की मूल ओरडत नाही, हात मारत नाही, गुपचूप खाली जातं, त्यामुळे त्या एकट्यावरच नजर ठेवणारा, स्वतः पोहता येणारा मोठा माणूस हातभर अंतरावर पाहिजे, बाकी वर्ग सांभाळणारा कोच त्यात धरायचा नाही. फिट आलीच तर तोंड वर करून डोकं पाण्याबाहेर धरावं, तोंडात काही घालू नये, आणि नंतर मूल ठीक दिसलं तरी डॉक्टरकडे न्यावंच, पाणी छातीत गेलेलं असू शकतं.

डायबेटिसमध्ये उतरण्याआधी शुगर तपासतात, काठावर ग्लुकोज ठेवतात. थरथर, घाम ही शुगर उतरल्याची लक्षणं पाण्यात थंडी-थकवा समजून सुटून जातात. शुगर कित्येक तासांनी, रात्री झोपेतही उतरू शकते.

इसब असेल तर आधी मलम, बाहेर आल्यावर लगेच अंघोळ आणि परत मलम.

जुलाब लागलेलं मूल मात्र थांबलेलंच बरं, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस तग धरतो आणि इतर मुलांनाही लागतो.