धमनी निघते तरी कुठून?

5 जानेवारी 1988. कॅलिफोर्नियातल्या पासाडेनामध्ये बास्केटबॉल खेळता खेळता पीट मॅराविच कोसळला आणि गेला. वय अवघं 40. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे 10 हंगाम गाजवलेला खेळाडू! शवविच्छेदनात कळलं, की त्याच्या हृदयाला डावी करोनरी धमनी जन्मापासूनच नव्हती. सगळा भार उजवीने वाहिला होता.

खुद्द हृदयाला रक्त पुरवणाऱ्या या दोन धमन्या महाधमनीच्या मुळाशी, झडपेच्या जरा वर फुटतात. शंभरात साधारण एकाच्या बाबतीत त्यांचा उगम किंवा वाट वेगळी असते. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही. पण डावी धमनी उजव्या बाजूने निघून महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या मधून गेली, तर जोराच्या श्रमात तिचा रक्तपुरवठा अडू शकतो.

हे इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसतं का? दिसतं, पण मुद्दाम शोधलं तरच. प्रोब छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला धरून महाधमनीचा आडवा छेद घेतला, की पडद्यावर गोल तबकडी दिसते. घड्याळाच्या भाषेत डावीचं मुख चाराच्या आसपास, उजवीचं अकराच्या. धमनी जेमतेम काही मिलिमीटरची, त्यामुळे नुसत्या काळ्या-पांढऱ्या चित्रात नसलेलं मुखही असल्यासारखं भासतं. म्हणून रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा रंगीत डॉप्लर लावायचा, तोही मंद प्रवाह दिसावा म्हणून वेगाची मर्यादा खाली आणून, आणि हृदय सैल पडतं त्या क्षणाकडे बघायचं. करोनरीत रक्त मुख्यतः तेव्हाच वाहतं. महाधमनीच्या भिंतीतच रंगाची बारीक रेघ उमटली, तर धमनी त्या भिंतीतून जाते आहे.

तान्ह्या बाळांत तर या रंगावर जीव अवलंबून असतो. कधी डावी धमनी चक्क फुप्फुसधमनीतून निघते. जन्मानंतर काही आठवड्यांनी तिथला दाब उतरतो आणि रक्त उलटं वाहू लागतं. बाळ दूध पिताना घामाघूम होतं, कळवळून रडतं. पोटात दुखत असेल, असं घरच्यांना वाटतं. इकोत हृदय फुगलेलं, मंद दिसतं आणि स्नायूंचाच आजार म्हणून निदान होऊ शकतं. अशा प्रत्येक बाळाची डावी धमनी शोधायलाच हवी, असं मला कळकळीने वाटतं. फुप्फुसधमनीत शिरणारी रंगाची ती उलटी धार सापडली, की शल्यविशारद धमनी सोडवून महाधमनीला जोडतात, आणि थकलेलं हृदय पुढच्या काही महिन्यांत बहुतेकदा सावरतं.

मोठ्यांच्या छातीत हाडं आणि फुप्फुसं आड येतात. तिथे शंका आली तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचा सीटी स्कॅन, करावी.