मांडीच्या हाडाला प्लास्टर का चालत नाही

गल्लीतलं कुत्र्याचं पिल्लू स्कूटरखाली येतं. मागचा पाय लोंबतोय, पिल्लू केकाटतंय, आणि त्याला टॉवेलात गुंडाळून आणणारा माणूस दवाखान्यात शिरताच म्हणतो, "डॉक्टर, प्लास्टर घालून टाका." मोड गुडघ्याखाली असेल तर कधीकधी तेवढ्यानं भागतं. मांडीच्या हाडाला मात्र नाही.

प्लास्टर घालताना मोडीच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे जखडावे लागतात. मांडीच्या वरचा सांधा म्हणजे खुबा. तो स्नायूंत खोल दडलेला, त्याला जखडणार कसं? त्यात कुत्र्याची मांडी वर जाड, खाली निमुळती. प्लास्टर घसरतं, त्याची वरची कड मोडीपाशी येऊन थांबते आणि प्रत्येक पावलाला सगळं वजन मोडीवरच झोके घेतं.

पिल्लांच्या बाबतीत याहून वाईट घडतं. पाय ताठ बांधून ठेवला की मांडीच्या पुढचे स्नायू आखडतात, हाडाला चिकटतात. हाड जुळतं, पण गुडघा वाकत नाही. पाय काठीसारखा राहतो. नंतर तो सुधारणं फार कठीण. हे टाळता येत होतं, याचंच मला वाईट वाटतं.

म्हणून शस्त्रक्रिया. अर्थात अपघातानंतर आधी छातीचा एक्स-रे, श्वास आणि लघवी बघायची. हाड एखादा दिवस थांबू शकतं. मग भूल देऊन मांडीच्या बाहेरच्या बाजूनं, दोन स्नायूंमधल्या फटीतून हाडापर्यंत जातात. हाडाच्या पोकळीत स्टीलची पिन घातली की हाड वाकत नाही. पण पिन गुळगुळीत आणि गोल, त्यामुळे तुकडे तिच्याभोवती फिरू शकतात. ते फिरणं थांबवायला प्लेट आणि स्क्रू लागतात, किंवा कातडीबाहेरून पिनांची चौकट.

एवढा खटाटोप कशासाठी, हे स्वित्झर्लंडचे सर्जन स्टीफन पेरेन यांनी मांडलं. मोडीच्या फटीत तिच्या रुंदीच्या साधारण 2 टक्क्यांहून जास्त हालचाल होत राहिली, तर तिथे पक्कं हाड धरत नाही. 1 मिलिमीटरच्या फटीत ही मर्यादा 0.02 मिलिमीटर होते!

पिल्लाचं हाड चार-सहा आठवड्यांत जुळतं, मोठ्या कुत्र्याला दोन-तीन महिने लागतात. तोवर उड्या, जिने बंद. पण पाय बांधून ठेवायचा नाही. डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे गुडघा रोज हळूहळू वाकवायचा, सरळ करायचा. बरेचदा पहिल्या काही दिवसांतच वाटीतलं दूध चाटताना पिल्लू तो पंजा अलगद जमिनीला टेकवतं.